वाऱ्यामागचे दिवस

लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत आले, त्याच्या तिसऱ्याच दिवशी सकाळी दारात एक बाई येऊन उभी राहिली. नेसूचं नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कपाळ मोकळं, दातांना मशेरी, आणि कमरेवर पितळी तपेली. "मूठ घाल," ती म्हणाली. मी दादरची, मॅट्रिक झालेली. मला वाटलं, कुठल्या तरी देवीचा जोगवा असेल. मी विचारलं, "कसली मूठ?" ती माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "तांदळाची गो. वारो इलो तर काय भिंती चाटतलास?"

ही शेवंताबाय. सगळी चाळ तिला नुसतं बाय म्हणायची. तळमजल्यावर तिची खानावळ होती. तिच्या मालवणकडच्या गावचे गिरणीकामगार तिच्याकडे महिन्याच्या बोलीवर जेवत. पण तिचा खरा उद्योग वेगळाच होता. रोज सकाळी प्रत्येक घरी भाताचं आधण चढायच्या वेळेला ती तपेली घेऊन फिरे आणि घरटी एक मूठ तांदूळ गोळा करी. ते तांदूळ मोठ्या पत्र्याच्या पिंपात पडत. गणपतीच्या आधी जुने काढून त्यांची पेज करून मुलांना वाटायची आणि पिंप नव्याने भरायला घ्यायचं. जोडीला गूळ, तुरटी, रॉकेल, मेणाने बूच बंद केलेल्या बाटलीत काड्यापेट्या आणि एक जाड दोरखंड. शिवाय एक डबा सुट्ट्या पैशांचा. त्यात नोट घालायची नाही, हा तिचा नियम. "मोड देतलो कोण? वादळात नोट म्हणजे कागद," म्हणायची. नवे पैसे बाजारात आले तेव्हा तिने ते दातांखाली दाबून पाहिले आणि नाक मुरडून डब्यात टाकले.

माझ्या सासूबाई तिला मागून 'वादळवाली' म्हणत. मलाही सुरुवातीला हसू यायचं. मुंबईत कसलं आलंय वादळ? पण एकदा दुपारी निवडत बसलो असताना बायने तिच्या लहानपणीची गोष्ट सांगितली. खाडीकाठचं घर. एका पावसाळ्यात वाऱ्याने कौलं नेली, नारळी आडव्या केल्या. घरातलं कोणी दगावलं नाही. सगळ्यांनी देवाला नारळ कबूल केला. पुढे खाडी ओलांडायची नाव बंद पडली, घरची होडी फुटली, गावात दाणा येईना. लोकांनी भिजून आंबलेले तांदूळ खाल्ले, विहिरीतलं गढूळ पाणी प्यायलं. तिचा धाकटा भाऊ त्यात गेला. "वारो मारीत नाय गो," बाय म्हणाली, "वाऱ्यामागचे दिवस मारतत." एवढं बोलून ती पुन्हा खडे वेचायला लागली. त्यानंतर मी मूठ घालताना कधी हसले नाही.

चाळीने तिचं ऐकायला सुरुवात केली ती मात्र वादळामुळे नव्हे. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली. गोळीबार झाला, मग संचारबंदी लागली, दुकानांच्या फळ्या पडल्या. लोक घरातले डबे खरवडायला लागले. त्या दिवसांत बायचं पिंप उघडलं नाही, कारण वेळ तेवढ्यावरच निभावली. पण पिंप आहे या विचाराने आमच्या जिवाला केवढा आधार होता! संचारबंदी उठल्यावर ज्यांनी कधी मूठ घातली नव्हती तेही घालायला लागले. बायने मग जाहीर केलं, की आता मागच्या चाळीतही फिरणार.

मागची चाळ म्हणजे अंगणापलीकडची इमारत. तिथे देशावरची कुटुंबं राहत. नुकतीच नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती, भिंतींवर बुद्धाच्या तसबिरी लागल्या होत्या. अंगणातला नळ एकच होता आणि त्यावर कोणी आधी पाणी भरायचं याचे अलिखित कायदे होते. मोर्च्याला मात्र दोन्ही चाळी एका रांगेत जात. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणून एकाच घशाने ओरडत. बायचं म्हणणं साधं होतं. पिंप एकच असावं आणि ते मागच्या चाळीत वरच्या मजल्यावर असावं, कारण आमची चाळ सखल, नाल्याच्या अंगाला. मागच्या चाळीचं जोतं उंच.

आमच्या गॅलरीत बैठक बसली. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आमचे तांदूळ त्यांच्या घरात? आणि एकाच पिंपात कालवलेले?" पुरुषमंडळी छताकडे बघायला लागली. आदल्याच रविवारी हीच मंडळी मागच्या चाळीतल्यांच्या खांद्यावर हात टाकून सभेला गेली होती. बायच्या खानावळीतला राजाराम, तिच्या गावातल्या मानकऱ्यांपैकी एक, म्हणाला, "बाय, तुझा सगळा बरा, पण गावाक काय सांगतलंव?" बाय खूप भांडली. शेवटी ठरलं, पिंपं दोन. त्यांचं त्यांच्याकडे, आमचं आमच्याकडे. वर उचलून ठेवायला कोणी घरात जागा देईना, म्हणून आमचं पिंप गेलं तळमजल्यावर जिन्याखाली. "जिन्याखाली पाणी पयला येतला," बाय म्हणत राहिली. कोणी ऐकलं नाही. मागच्या चाळीत भागाबाई म्हणून एक विधवा बाई होती, गिरणीत कांडीखात्यात कामाला. तिने त्यांचं पिंप आपल्या खोलीत माळ्यावर चढवून घेतलं.

पुढच्याच पावसाळ्यात ते झालं. सकाळपासून वाऱ्याचा आवाज असा, की दोन माणसांना एकमेकांच्या कानात बोलावं लागत होतं. भरतीची वेळ आणि वरून पाऊस. नाला उलटा फिरला. बघता बघता अंगणात पाणी कमरेला लागलं आणि तळमजल्यावरची बिऱ्हाडं पोरंबाळं घेऊन वर आमच्या गॅलरीत आली. बायच्या खानावळीचं सामान पाण्यात गेलं. तिने येताना आणले ते फक्त दोरखंड आणि सुट्ट्यांचा डबा. आमचे हे गिरणीतच अडकलेले, कडेवर माझा आठ महिन्यांचा मुलगा, आणि घरात पीठ संपत आलेलं. तो सबंध दिवस आम्ही जे होतं ते वाटून खाल्लं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोरं रडून रडून गप्प झाली. ते गप्प बसणं जास्त भयंकर होतं.

राजाराम आणि आणखी दोघे दोरखंड बांधून खाली उतरले आणि पिंप ओढत जिन्याच्या मधल्या पायरीवर आणलं. झाकण निघालं होतं. आत नाल्याचं पाणी, काळं, वास मारणारं. सासूबाई म्हणाल्या, "तुरटीने धुऊन घेऊ. चार पाण्यांनी धुऊ. उकळल्यावर काही राहत नाही." सगळ्यांनी माना डोलवल्या. मीही डोलवली. भुकेपुढे वास येईनासा झाला होता.

बाय उठली. पिंपाशी गेली. एक हात आत घालून तांदूळ वर काढले, हुंगले आणि मग कोणाला काही कळायच्या आत खांदा लावून पिंप कलंडवलं. सगळे तांदूळ पाण्यात गेले. गॅलरीत एकच गिल्ला झाला. कोणी तिला वेडी म्हणालं, कोणी कैदाशीण. राजाराम तर हात उगारून पुढे झाला. "माजो भाव ह्याच खाऊन गेलो," ती ओरडली, "आणि पोरां मराक देवचंय नाय!"

मग तिने डबा डोक्याला फडक्याने बांधला, दोरखंड धरला आणि ती पाण्यात उतरली. म्हातारी बाई, छातीपर्यंत पाणी, मध्येच पाय घसरे आणि डोकं दिसेनासं होई. मी मुलाला घट्ट धरून देवाचं नाव घेत होते. मागच्या चाळीतल्या पोरांनी दोराचं टोक पकडून तिला वर घेतलं. वारा तेवढ्यात जरा पडला होता. दोन्ही गॅलऱ्यांत समोरासमोर माणसं उभी, मधे पाणी. पलीकडे बोललेला शब्द न् शब्द इकडे ऐकू येत होता.

बायने डबा भागाबाईसमोर ठेवला. "तांदूळ होये. पैसे घे."

भागाबाईने डब्याला हात लावला नाही. "पैसं ठेवा तुमचं," ती म्हणाली, "आमी काय दुकान मांडलंय व्हय?"

"मगे कसा?"

"भात हाय. समद्यास्नी पुरंल एवढा हाय. पर शिजवणार आमी, आमच्या चुलीवर. ज्याला खायाचं त्यानं हितं आमच्या पंगतीला बसून खायाचं. पोतं भरून तिकडं न्यायाचं न्हाई." तिचा आवाज चढला नव्हता. "वायलं पिंप तुमी केलंसा, बाई. आमी न्हाई."

आमच्या गॅलरीतून राजाराम कठड्यावर ओणवा होऊन ओरडला, "बाय! थय जेवलंस तर उद्यापासून आमी तुझ्या हातचा खावचंव नाय! आयकतंस मां?"

याचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळत होता. खानावळ गेली की बायची भाकरी गेली. मूलबाळ नव्हतं, गावाला घर पडलेलं, मुंबईत तिला दुसरं कोण होतं? तिने आमच्या दिशेने पाहिलं. राजारामकडे पाहिलं की माझ्या कडेवरच्या पोराकडे, ते मला आजही सांगता येणार नाही. मग तिने ओला पदर पिळला, कमरेला खोचला आणि भागाबाईच्या उंबऱ्याच्या आत मांडी घालून बसली. "वाढ," म्हणाली.

भात शिजायला वेळ होता. तेवढा वेळ ती तशीच बसून राहिली, सगळ्या चाळीच्या डोळ्यांदेखत. पहिलं ताट तिलाच आलं. तिने भाताचा घास घेतला, चावला, गिळला. मग तिथूनच हाक मारली, "पोरांका घेऊन येवा गो!" मी निघाले. सासूबाईंनी माझा हात धरला. मी म्हटलं, "आई, सोडा." त्यांनी सोडला. मागच्या चाळीतल्या पोरांनी दोराला धरून एकेक मूल डोक्यावरून पलीकडे नेलं. माझ्या मागोमाग आणखी बायका आल्या, मग काही पुरुष खाली मान घालून. माझ्या मुलाला भागाबाईने स्वतःच्या मांडीवर घेऊन मऊ भात भरवला. सासूबाई पाणी ओसरेपर्यंत उपाशी राहिल्या. कोणी विचारलं तर म्हणत, "माझा उपास आहे." त्यांचा मला राग आला होता आणि दयाही आली होती.

पाणी उतरलं, चिखल निघाला. राजारामने शब्द खरा केला. गावच्या मंडळाची बैठक झाली आणि खानावळीतली बहुतेक ताटं उठली. चार-पाच जण राहिले, तेही गावाला न कळवता. बायने हातातल्या पाटल्या मोडून भांडी घेतली. मी तिला एकदा म्हटलं, "बाय, पश्चात्ताप होतो का?" ती म्हणाली, "भूक लागलेली गो. भात बरो होतो." यापलीकडे तिच्या तोंडून मी त्या दिवसाबद्दल काही ऐकलं नाही. ती जाऊन आता कित्येक वर्षं झाली, पण तिची आठवण निघाली की मला तो पूर आठवत नाही. त्यानंतरची एक साधी दुपार आठवते.

मी ताक मागायला खानावळीत गेले होते. उरलेली चार ताटं मांडलेली. तेवढ्यात दारात भागाबाईचा मुलगा सदाशिव येऊन उभा राहिला. आई गावी गेली होती, महिनाभर जेवणाची सोय होईल का, विचारत होता. हातात स्वतःची जर्मनची थाळी आणली होती. उंबऱ्याबाहेरच त्याने बसकण मारली. बायने त्याच्या हातातली थाळी काढून घेतली, कोनाड्यात ठेवली आणि खानावळीचं पितळी ताट रांगेत मांडलं. "भायर कित्याक? भितर ये. हात धू."

जेवणाऱ्यांचे हात थांबले. मग त्यातला एकजण अर्धं ताट तसंच टाकून उठला, चूळ भरली आणि बायकडे न बघता निघून गेला. म्हणजे आता तीन उरले. सदाशिव उठून परत फिरायला लागला, त्याचा चेहरा उतरला होता. बायने भरलेला डाव हातात तसाच धरून त्या रिकाम्या झालेल्या पाटाकडे पाहिलं.

"बस रे झिला," ती म्हणाली, "आता पाय पसरूक जागा झाली."