शाल आधी, लेख नंतर

शाळेत मला मराठी शिकवणारे सर निवृत्तीनंतर स्वस्थ बसतील असं कुणालाच वाटलं नव्हतं; पण एकदम ज्ञानकोश काढतील असंही वाटलं नव्हतं. कारखानदारीचा, मराठीतून, इंटरनेटवर. कुणीही उठावं आणि लिहावं असा मुक्त कोश आहेच की, असं मी म्हणालो. "म्हणूनच तर," सर म्हणाले, "आपल्याकडे फक्त जाणकार लिहितील, आणि स्वतःच्या नावानं." पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत एवढ्या कंपन्या, एवढे निवृत्त इंजिनिअर. लिहिणाऱ्यांना काय तोटा?

इथंच आमचं चुकलं, आणि अगदी मराठी माणसासारखं चुकलं. लेख येण्याआधीच लेखकांचा सत्कार ठरला. चिंचवडच्या एका सभागृहात आम्हा तज्ज्ञांना शाल-श्रीफळ मिळालं, फोटो निघाले, भाषणं झाली. मी चाकणच्या एका गिअर कंपनीत हीट ट्रीटमेंटचा, म्हणजे पोलाद तापवून कडक करायचा, विभाग सांभाळलेला, म्हणून तो विषय माझ्याकडे. त्या दिवसापासून सर मला 'अरे-तुरे' सोडून 'अहो-जाहो' करू लागले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

नारळाची चटणी झाली, लेख काही झाला नाही. माझाच नव्हे, कुणाचाच. उद्घाटन पाडव्याला होणार होतं ते दसऱ्यावर गेलं, तिथून पुन्हा पाडव्यावर. वेबसाइटवर तज्ज्ञ मंडळाचं पान तेवढं भरलेलं, बाकी सगळीकडे 'लवकरच'. सरांच्या निरोपांना आम्ही हात जोडलेली चित्रं पाठवायचो. तिकडे मुक्त कोशात बिननावाची माणसं रोज काही ना काही घालत होती, चुकत होती, एकमेकांच्या चुका काढत होती आणि पुढे जात होती.

मी लिहायला बसलोच नाही असं नाही. पण बसलो की जुने सहकारी डोळ्यांपुढे यायचे. आमचा प्लँट हेड म्हणेल, राव, हा इतकी वर्षं असंच समजत होता की काय? शॉप फ्लोअरवर मी हिंदी-इंग्रजी मिसळून दडपून बोलायचो आणि साहेबाला उलटून कोण विचारतो? इथं मात्र नावानिशी, फोटोसकट चुकायचं, म्हणजे उभ्या नोकरीत कमावलेली अब्रू एका परिच्छेदात घालवायची. मी घाबरलो होतो. आणि हे सांगण्याऐवजी निवृत्त माणूस असून 'वेळच मिळत नाही हो सर' असं सांगत होतो.

शेवटी सर स्वतःच आले. या वयात चिंचवडहून बसनं रावेतला, वर आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद. धाप ओसरल्यावर म्हणाले, "तुम्ही बोला, मी लिहून घेतो." पेन उघडून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "लालबुंद पोलाद एकदम तेलात बुडवलं की कडक होतं. का होतं?"

कसं करायचं, हे मी झोपेतही सांगितलं असतं. का होतं, ते मात्र कॉलेजात पाठ केलेलं, केव्हाच पुसट झालेलं. मी टेबलाखाली फोन धरून मुक्त कोश उघडला आणि विचार करत असल्यासारखा हळूहळू बोलू लागलो. दोन वाक्यं झाली तसं सरांनी पेन थांबवलं.

"ही वाक्यं तुमची नाहीत," ते म्हणाले. "मी वाचलीत ती."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. सर रागावले नाहीत. त्यांनी चहा घेतला, मुलांची चौकशी केली आणि निघताना म्हणाले, "मंगळवारी परत येतो. तोवर आठवून ठेवा."

मंगळवारी बेल वाजली तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. बायको चाकणजवळच्या गावची, शेतकऱ्याघरची. खोटं बोलायला तिला जड जातं. "न्हाईत ते घरी," एवढंच ती कशीबशी म्हणाली. माझ्या चपला तिच्या पायाशीच पडलेल्या होत्या.

मग सरांचा आवाज आला, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा म्हणून काढायचे तसा.

"त्यांना म्हणावं, जसं येतं तसं सांगा. चुकलं तर ती चूक माझ्या नावावर घालू."

मी हे सगळं ऐकलं, आणि ते जिना उतरून जाईपर्यंत पलंगावरून हललो नाही.