पाय बाहेर, बूट पेडलला

काल घोलवडहून तलासरीला सायकलवर जाऊन आले... आणि दोन्ही गुडघे शाबूत! पोटात राहत नाहीये म्हणून लिहितेय. चुका काढू नका, चौथीपर्यंतच शाळा झालीय माझी.

सायकल लेकाची. तो नोकरीला पुण्याला गेला नि ती पडवीत धूळ खात पडली. मला शुगर निघाली तेव्हा मीच ती बाहेर काढली. पण तिच्या पेडलला बूट अडकतात. दाबलं की खटका बसतो, सुटायला टाच बाहेर वळवायची. लेक फोनवर म्हणाला, "आई, साधी पेडल बसवून घे." म्हटलं, गप. तुला जमतं, मला का नाही?

बूटही त्याचेच, मला एक नंबर मोठे. पट्टे कोण बांधत बसतंय... चपलेसारखे पाय सरकवले नि निघाले.

पहिल्यांदा दारातच आडवी. टाच वळवली तर ती बुटातल्या बुटात फिरली, बूट जागच्या जागी! चिकूच्या खोक्यांवर जाऊन पडले. दुसऱ्यांदा डहाणूला, किनाऱ्यालगत वाळत घातलेल्या जवल्यात. कोळीण ओरडली, "गादी घातलीय काय गं तुझ्यासाठी? ऊठ!" उठणार कशी, पाय अडकलेले. शेवटी तिनेच बगलेत धरून उचललं... शिव्या देत देत. दोन दिवस अंगाचा वास गेला नाही.

नवऱ्याचं डोकं फिरलं. "आता एकदा पडलीस ना, सायकल भंगारात देतो." गंमत नव्हती ती. बोलतात ते करतात... माझं शिलाई मशीन असंच गेलंय.

म्हणून काल जीव मुठीत होता. डहाणूचा सायकलवाल्यांचा ग्रुप बरोबर, सगळे लेकाच्या वयाचे, एक तेवढे शाळेतले सर. तलासरीच्या अलीकडे उतार लागला आणि मी अशी सुटले की विचारू नका!! वळणावर बघते तर रस्ताभर शेळ्या.

ब्रेक दाबला. टाच वळवली... नाही सुटत. सायकल कलायला लागली. आता गेली सायकल भंगारात...

काय सुचलं देव जाणे, पाय सरळ बुटातून उपसले नि डांबरावर उभी राहिले. अनवाणी! बूट तसेच पेडलला लटकलेले.

शेळ्यांवाली म्हातारी माझ्याकडे बघते, बुटांकडे बघते. "चपला सायकलीला घातल्या नि स्वतः अनवाणी? शहाणीच आहेस!" तळपाय भाजत होते आणि मी हसत होते. सर म्हणाले, "काकी, हसता काय? शर्यतीतले लोक मुद्दाम असे उतरतात!"

मग काय... म्हटलं, मग मी शर्यतीतलीच! जाऊन-येऊन सात वेळा थांबले, सातही वेळा अनवाणी. एकदाही पडले नाही.

घरी नवरा ओट्यावर बसलेला. माझी कोपरं बघितली, गुडघे बघितले. मी चहा घेऊन बाहेर आले तर हे पंप घेऊन सायकलपाशी. "मागच्या चाकात हवा कमी होती," म्हणाले. "एवढं लांब जातेस, हवा बघून जा."

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. 'जाऊ नकोस' खूप ऐकलंय... 'बघून जा' काल पहिल्यांदाच ऐकलं. कालपासून नुसती हसतेय.