बोलकी गाडी, मुकी गाडी

खाणीवरच्या कामगारांनी मालकाच्या दोन गाड्यांना नावं दिली होती. जुनी जीप ती सासू आणि नवी आलेली ती सूनबाई. सासूला कापडी टप, लोखंडी बंपर, स्प्रिंगचे उघडे पाटे आणि चारही चाकं एकदम ओढायला लावणारा एक बुटका दांडा होता. ती चढ चढायची बोंबलत, उतरायची शिव्या देत, आणि आत बसलेल्याची हाडं मोजून घ्यायची. सूनबाईला काचेचं छप्पर, ऊब देणाऱ्या चामडी गाद्या आणि पुढे ताटाएवढा पडदा. तिची उंची, रुंद चाकं आणि पुढच्या जाळीवरचा रागीट भाव पाहून वाटावं, ही डोंगर खाऊन ढेकर देईल. प्रत्यक्षात तिला डोंगर बघायला आवडायचा, तोही काच बंद करून.

"सासू चिखलातून बाहेर काढते. सूनबाई चिखलाशेजारी उभी राहून फोटो काढून घेते," फाटकावरचा वॉचमन म्हणायचा.

या दोघींना आयुष्यात एकाच पुरुषाने चालवलं. मालकाचा ड्रायव्हर. सगळे त्याला उस्ताद म्हणत. मालकाच्या वडिलांच्या काळात तो जीपवर बसला तो बसलाच. त्याची मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. नवराबायको बंगल्यामागच्या एका खोलीत राहत. खोली मालकाची, म्हणजे नोकरी आहे तोवर घर आहे. उस्ताद अबोल, नाकासमोर चालणारा माणूस. विडी नाही, दारू नाही. खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन परत ठेवी.

त्याच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. ही गोष्ट तिघांना ठाऊक होती: तो, त्याची बायको आणि डोळ्यांचे डॉक्टर. पैकी डॉक्टरांना तो ड्रायव्हर आहे हे ठाऊक नव्हतं.

"काम काय करता?" त्यांनी विचारलं होतं.

"खाणीवर असतो."

"धुळीपासून जपा. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची. रोज थेंब घाला. आणि गाडीबिडी असेल तर चालवू नका."

"माझी कुठली गाडी," उस्ताद म्हणाला. उत्तर अगदी खरं होतं.

समोरचं त्याला लख्ख दिसे. दूरच्या पाटीवरची अक्षरं तो तरुणांच्या आधी वाची. कडा मात्र गेल्या होत्या. लोकांना वाटतं, कडेला काळोख दिसत असेल. तसं नसतं. कडेचं जग नुसतं वजा होतं, आणि ते वजा झालंय हे डोळा आपणहून सांगत नाही.

ते सांगायचं काम सासूने पत्करलं. खाणीचा रस्ता एका अंगाने दरीकडे उघडा. बाहेरचं चाक कडेच्या सुट्या खडीवर गेलं की मडगार्डखाली खडे ताडताड वाजत, स्टिअरिंग हाताला झटका देई, आणि उस्ताद गाडी सावकाश आत घेई. फाटकाशी वॉचमन आडवा बांबू वर करायचा आणि हळू चालत्या जीपच्या पलीकडच्या पायदानावर उडी मारून ऑफिसपर्यंत लटकत यायचा. तो चढला की जीप त्या अंगाला कलून कण्हायची. उस्तादला बघावं लागत नसे.

"वजन कमी कर रे, पाटे मोडतील," तो समोर बघतच म्हणे.

"तुझ्या घरचं खातो काय?" वॉचमन विचारी.

वर्षानुवर्षं हाच संवाद, एका शब्दाचा फरक नाही. काही नवराबायकोंचा याहून कमी असतो.

मग मालकाने सासू विकली. मोठी कंत्राटं देणारे साहेब लोक खाण बघायला येत आणि जीपमधून उतरताना कंबर धरत. कंबर धरलेला माणूस सही करताना हात आखडता घेतो, असा मालकाचा अनुभव होता. एका हॉटेलवाल्याने ती शोभेसाठी घेतली. हयातभर दरडी तुडवलेली गाडी आता दारात उभी राहून फुलांच्या कुंड्या सांभाळते.

"आता तरी सोडता का हे काम?" बायकोने विचारलं.

"सोडून जायचं कुठे?" उस्ताद म्हणाला. तिने थेंबाची बाटली काढली.

सूनबाई घरंदाज निघाली. एक शब्द बोलेना. चाक खडीवर गेलं काय, खड्ड्यात गेलं काय, स्टिअरिंग लोण्यासारखं. काचा लावल्या की बाहेरचं जग मुकं. तिला एक यंत्र तेवढं होतं, जवळ काही आलं की टीं टीं करणारं. पण खाणीच्या धुळीला ते भिंत समजे, आणि फाटकापासून ऑफिसपर्यंत अखंड किंचाळत राही.

"उस्ताद, ही कटकट बंद करा. घरी एक आहे तेवढी पुरे," मालक मागच्या सीटवरून म्हणाला.

"राहू द्या मालक. सवय होईल."

"तुम्हाला होईल. मला फोन असतात."

शोरूमचा माणूस आला आणि त्याने यंत्र बंद करून दिलं. उस्ताद शेजारी उभा राहून बघत होता. ते का हवं आहे, हे सांगायचं तर डोळ्यांचं सांगावं लागलं असतं.

सूनबाईलाही पायदान होतं, पण चकचकीत, शोभेचं. त्यावर बूट ठेवलेला मालकाला खपत नसे. वॉचमन बांबू वर करून आता गाडीच्या पलीकडून चालत येई, दारावर हात ठेवून, जनावराबरोबर चालावं तसा. ऑफिसपाशी रस्ता त्याच अंगाला वळतो. एका सकाळी उस्तादने वळण जरा लवकर घेतलं.

आत काही जाणवलं नाही. गाडीने किंचित उसासा टाकला, उशीवरून गेल्यासारखा. मालकाचं फोनवरचं वाक्यही तुटलं नाही. समोर खडी फोडणारी माणसं हात वर करून, तोंडं वासून धावत येताना उस्तादला दिसली. आवाज नव्हता. त्याला आधी वाटलं, मालकाच्या स्वागताला येताहेत. ब्रेक दाबून त्याने दार उघडलं, आणि मग ओरडणं आत आलं.

वॉचमनचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पोलिसांनी त्याच दिवशी उस्तादचं रक्त तपासलं. दारूचा थेंब सापडला नाही. लायसन्स चालू, रेकॉर्ड स्वच्छ. गाडीला लटकायची वॉचमनला जुनीच खोड होती, असं मालकाने जबाबात सांगितलं. उस्ताद मात्र दोन रात्री झोपला नाही, आणि खरं सांगून टाकायचं ठरवून हॉस्पिटलात गेला.

वॉचमन उशीला टेकून बसला होता. चादर एका जागी सपाट पडली होती. दोघांनीही तिकडे बघायचं टाळलं.

"ये. वजन कमी केलं बघ," वॉचमन म्हणाला.

उस्तादला हुंदका आला. "मला तू दिसला नाहीस रे. दिसतच नाही मला कडेचं. किती तरी दिवस झाले."

वॉचमनने कानाखाली मारावी तशा आवाजात विचारलं, "आणखी कुणाला बोललास?"

"नाही. आता मालकाला सांगतो. मग पोलिसांना."

"सांग! सांगच! म्हणजे गाडीचे विमावाले म्हणतील, डोळे नसलेला माणूस गाडीवर बसवलात, आम्ही दमडी देत नाही. मग माझ्या पोरी काय खातील? तुझा पश्चात्ताप?"

"मालक देतील की."

"मालक?" वॉचमनने टेबलाकडे बोट दाखवलं. "मालकाने दिलं. ते बघ, सफरचंदं."

उस्तादने एक सफरचंद उचललं आणि परत ठेवलं.

"पाय माझा गेलाय," वॉचमन म्हणाला. "तोंड उघडायचं की नाही, हे मी ठरवणार. भरपाईचा खटला संपेपर्यंत तुझे डोळे चांगले आहेत. समजलं? गरुडासारखे आहेत."

उस्ताद कबूल झाला. ज्याचा पाय घेतला त्याला नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

नोकरी सोडून बघावी म्हणून तो मालकाकडे गेला. वय झालं, गावी जातो म्हणाला.

"आत्ता? खटला उभा असताना?" मालक उडालाच. "वकिलांनी बजावलंय. तुम्ही हटलात की लोक विचारणार, का हटला? काही होऊन गेल्यासारखं वागू नका."

तेव्हा उस्ताद गाडी चालवत राहिला. मान सारखी डावीउजवीकडे फिरवत, इतका हळू, की मालक म्हणे, "प्रेतयात्रा आहे का उस्ताद? कोण गेलंय?" मान दुखून रात्री बायको शेक देई. एवढ्यावर कदाचित वर्ष निघालं असतं. पण एका संध्याकाळी मालकाची सून पोर्चमध्ये आली.

"काका, सोमवारपासून मुलांना शाळेत तुम्हीच सोडा. आणायचंही तुम्हीच. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

उस्ताद त्या शाळेवरून कित्येकदा गेला होता. सुटण्याच्या वेळी तिथे पोरं समोरून येत नाहीत. दोन गाड्यांच्या फटीतून, पाठीमागून, दप्तराखालून, जिथून म्हणून त्याला दिसत नाही तिथून येतात.

रविवारी तो खोलीत उंबऱ्याशी बसून राहिला. बायको भांडी घासत होती.

"वॉचमनला तोंड उघडणार नाही असा शब्द दिलाय," तो म्हणाला.

"ठाऊक आहे."

"आणि मालक सोडू देत नाही."

"मग?"

"मग त्याने हाकललं पाहिजे. डोळ्यांखेरीज दुसऱ्या कशासाठी तरी." तो थांबला. "अपघाताच्या दिवशी मी शुद्धीत होतो, हे कागदावर आहे. त्यानंतर प्यायला लागलो तर खटल्याला धक्का नाही."

तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "खोली जाईल."

"जाईल."

"आयुष्यभर नाव राखलंत ते."

"तेही."

ती पदराला हात पुसत उठली, पिशवी घेतली, आणि स्वतःच दुकानात जाऊन बाटली घेऊन आली. दुकानदाराने तिच्याकडे कसं बघितलं, हे तिने कधी सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी मुलं दप्तरं घेऊन पोर्चमध्ये उभी होती. उस्तादने दारूची चूळ भरली होती, उरलेली सदऱ्यावर ओतली होती. झोकांड्या कशा खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. पण पोर्चच्या कडेची कुंडी त्याला दिसली नाही, आणि तो तिच्यावर असा आदळला की पुढचं नाटक करावंच लागलं नाही. मुलांची आई किंचाळली. मालक बनियनवर बाहेर आला, वास घेतला, आणि वकिलाचा सल्ला विसरून त्याने उस्तादच्या थोबाडीत मारली. मुलं बघत होती. दुपारपर्यंत खोली रिकामी झाली.

खाणीवर सगळ्यांनी हळहळून कारण शोधलं: मित्राच्या पायाचं मनाला लागलं, म्हणून बाटलीला लागला. कुबड्यांवर चालायला शिकणाऱ्या वॉचमनला ही बातमी कळली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "हं. पीत असेल." पुढे विमा मंजूर झाला. पाय सोडून त्याला सगळं मिळालं. तो उस्तादला भेटायला मात्र आला नाही. आला असता तर लोकांनी दोघांना एकत्र बसवून जुन्या गोष्टी काढायला लावल्या असत्या, आणि वॉचमनला खोटं बोलताना हसू आवरत नसे.

नवराबायको दूरच्या वस्तीत भाड्याच्या खोलीत गेली. बायको चार घरची धुणी धरून होती. उस्तादची नजर नळीएवढी उरली. रस्त्याने जाताना तो खांबाला धडके, उभ्या सायकली पाडी, माणसांच्या अंगावर जाई. काय झालंय, असं कुणी विचारलं नाही. त्याच्याआधी त्याची कीर्ती तिथे पोचली होती.

शेजारची बाई मनाने चांगली. तिच्या दिराची दारू एका पुडीने सुटली होती. तशी पुडी ती घेऊन आली आणि म्हणाली, माझ्यादेखत द्या, नाहीतर पुरुष ओतून टाकतात. बायकोने पुडी चहात कालवली आणि कप नवऱ्याच्या उजव्या बाजूला ठेवला. समोर ठेवायचा, हे ती घाईत विसरली. उस्तादने हात पुढे केला. कप त्याला सापडेना. बोटं टेबलभर चाचपडत फिरली, कपाला लागली, थोडा चहा सांडला. मग त्याने तो उचलला आणि तोंड वाकडं न करता पिऊन टाकला.

"हात बघितला कसा कापतोय?" शेजारीण बायकोच्या कानाशी म्हणाली. "पण सुटेल हो, वहिनी. आमच्याकडे तर याहून वाईट होतं."

"हो," बायको म्हणाली. "तुमचे उपकार आहेत."