तिच्या लिंबासाठी खुंट

लिंबाचं रोप घ्यायला येणारा प्रत्येक जण फळाची चौकशी करतो. साल पातळ आहे का, रस किती निघतो, बिया फार नाहीत ना. मी उलट विचारतो, तुमची माती कसली आहे? मग गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं, जणू मी त्याचा पगार विचारला. चिंचणीच्या रस्त्याला आमची नर्सरी आहे आणि कलमं बांधण्यात माझा जन्म गेला, पण लोकांना कितीही सांगा, वर दिसतं तेवढंच झाड असं त्यांना वाटतं. अहो, वरचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, एका झाडाचा असतो आणि खालची मुळं दुसऱ्याच झाडाची. त्या खालच्याला आम्ही खुंट म्हणतो. माती सोसायची असते ती त्यानं.

आमचे जावई बोईसरच्या एका कारखान्यात होते. त्यांना कच्छात, रणाच्या जवळ, दुसरी नोकरी लागली आणि लेकही तिकडे गेली. कंपनीचं घर, मागे मोकळी जागा, आणि त्या जागेत वेड्या बाभळीशिवाय काही उगवत नाही, असं ती फोनवर सांगायची. इकडे आमच्या परसात माझ्या बायकोनं शिरगावच्या माहेराहून आणून लावलेलं कागदी लिंबाचं झाड होतं. घरात बोंबील तळायला घेतले की आधी कुणीतरी त्या झाडाखाली पळायचं. त्याच झाडाचं कलम लेकीच्या दारात लागलं पाहिजे, असं हिच्या मनानं घेतलं.

"माजं लिंबू तिच्या दारात लागलं की मला तिचा घोर नाय," ती म्हणाली.

मी जावयांकडून तिथल्या मातीचं ढेकूळ मागवून घेतलं. भिजवून मळलं तर हाताला चिकटून बसणारी चिकणमाती. वाळली की तडकली. चिमूटभर जिभेवर ठेवली तर खारट.

ही दारातून बघत होती. "पोरीचं स्थळ बघताना येवढी चौकशी केली नव्हती तुमी!"

"जावई काय चाखून बघायचा?" मी म्हटलं. ती हसत आत गेली.

आमच्याकडे सगळे जंबुरीचा खुंट वापरतात. निचऱ्याच्या जमिनीत तो झकास चालतो, पण चिकणमातीत पाणी तुंबलं की बुंध्याला डिंक सुटतो आणि मुळं कुजतात. रंगपूर लिंबाचं तसं नाही. त्याचं फळ नारिंगी आणि आंबटढाण, बाजारात त्याला कुणी विचारत नाही; पण मुळं मोठी चिवट. भारी जमीन, खार, पाण्याची ओढ, सगळं सोसतात. मी रंगपूरच्या खुंटावर हिच्या लिंबाचा डोळा बांधला, तोही वीतभर उंच, म्हणजे ओली माती जोडाला लागायला नको. रोप मांडीवर घेऊन ही स्वतः कच्छात गेली. खड्डा न करता उंचवट्यावर लावायचं, हे मी तिला इतक्यांदा बजावलं की ती वैतागली.

झाड लागलं आणि फळलंही. तोवर ही आजारी पडली होती. लेक पालघरच्या दवाखान्यात भेटायला आली ती ओटीत चार लिंबं घेऊन. हिनं एक नखानं खरवडलं, नाकाशी धरलं आणि म्हणाली, "माजंच हाय." त्या दिवशी ती पोटभर जेवली.

आम्ही दवाखान्यात असताना वादळ आलं आणि परसातलं झाड मुळासकट आडवं झालं. आजारी बाईला हे बघायला नको, म्हणून शेजाऱ्यांनी ते तोडून, जाळून जागा साफ करून ठेवली. चांगल्या मनाची माणसं, त्यांना काय बोलणार? मी तिथे असतो तर डोळे बांधायला एक काडी तरी वाचवली असती. घरी आल्यावर हिनं ती मोकळी जागा बघितली. मग म्हणाली, "बरं झालं, एक तिकडं हाय."

पुढे थोड्याच दिवसांत ती गेली. लेक म्हणायची, बाबा, मी काड्या घेऊन येते, पुन्हा डोळे बांधा. मला हातात चाकू धरवत नव्हता. शेवटी येत्या थंडीत तिनं काड्या घेऊन यायचं ठरलं होतं.

यंदा तिकडे उन्हाच्या झळा भलत्याच होत्या, त्यात पाण्याचे हाल. एका सकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, वरचं सगळं वाळलंवतं, पण बुडातून फुटलंय बगा!" तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"जोड दाखव," मी म्हटलं.

तिनं फोन खाली नेला. सगळी पालवी जोडाच्या खालून आलेली होती. ती रंगपूरची होती. वर उभं होतं ते हिचं लिंबू, वाळून कोळसा झालेलं.

"एकेक फांदी नखानं खरवड." जिवंत फांदी सालीखाली हिरवी असते. एक हिरवी काडी दिसली असती तरी तिचा डोळा काढायला मी मिळेल त्या गाडीनं निघालो असतो.

तिनं खरवडलं. आत तपकिरी.

"ही?" तिनं दुसरी फांदी पुढे धरली.

"नाय."

"ही बगा, ही जरा ओली वाटते."

"नाय, बाय."

ती स्टुलावर चढली. शेंड्याची काडी तिच्या बोटांत पापडासारखी मोडली. नर्सरीत वाढलेली पोर, तिला वेगळं काय सांगायचं? स्टुलावरून उतरली आणि तिथंच मातीत बसली.

"बाबा, मंजे आई आता खरंच गेली."

हिच्या बाराव्याला पाहुणे, मंडप, जेवणावळी यांत मला रडायलाही सवड झाली नव्हती. त्या सकाळी फोन हातात धरून मी रडलो आणि तिकडे ती.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. "हा खुंटाचा फुटवा. छाटून टाकू?"

नर्सरीत तो दिसला की छाटायचाच असतो, नाहीतर कलमाचं अन्न खातो. मी जन्मभर तेच करत आलोय.

"राहू दे," मी म्हटलं. "त्याला मी जगायसाठीच निवडला होता."