आधी वेणू

शशिकला कोळी मूळची करंजाची. बाप दर्यावर, आई माशांच्या टोपलीवर. घरातली पहिली नर्स तीच. पनवेलच्या एका हॉस्पिटलात अपघात विभागात तिची बरीच वर्षं गेली होती.

२०११च्या मे महिन्यात, भर दुपारी, पळस्प्याच्या वळणावर लग्नाची बस उलटली. वऱ्हाड करंजाहून आपट्याला निघालेलं. फोन आला तेव्हाच शशिकलाला कळलं, बस आपल्याच गावाची. थोरला भाऊ दयाराम त्याच बसमध्ये होता.

मिळेल त्या टेम्पोतून, रिक्षातून जखमी येऊ लागले. डॉक्टर दोनच. डॉ. गुरुदत्तांनी रंगीत पट्ट्या तिच्या हातात दिल्या. "दारात तू उभी राहा. जीव धोक्यात असेल त्याला लाल, तो आधी आत. थांबू शकेल त्याला पिवळी. तू ठरवशील तेच."

थोड्याच वेळात दयारामला उतरवलं. नडगी मोडून पाय वाकडा झालेला. "शशे! आगं, मला आत घे!"

त्याच्या बाजूला वेणू भिंतीला टेकून बसली होती, नवऱ्यामुलाची चुलतबहीण. कुठं जखम नाही, तोंडातून शब्द नाही. पण ओठ निळे पडत चालले होते आणि छातीची एकच बाजू हलत होती.

शशिकलाने भावाच्या पायाची नाडी पाहिली. मनगटाला पिवळी पट्टी बांधली.

"दादा, पाय मोडलाय. जिवाला धोका नाय. थांब."

"मी तुजा सख्खा भाव हाय!"

"हाय ना. तरी थांब."

तिने वेणूला लाल पट्टी बांधली आणि स्ट्रेचरसाठी हाक मारली. मग मागे न वळता ती पुढच्या जखमीकडे गेली.

डॉक्टरांनी वेणूच्या छातीत नळी घालून कोंडलेली हवा काढली. ती वाचली. दयारामच्या पायाचं ऑपरेशन संध्याकाळी झालं. तो हंगाम त्याला होडीवर जाता आलं नाही. आई म्हणाली, "परक्याची पोर जवळची झाली तुला!" दयारामने तर तोंड फिरवलं.

शशिकलाने माफी मागितली नाही. मात्र दर सुट्टीला ती करंजाला जायची, त्याच्याकडून पायाचे व्यायाम करून घ्यायची. तो शिव्या घालायचा, ती मोजत राहायची.

दिवाळीच्या सुमारास व्यायाम करता करता त्याने एकदम विचारलं, "ती वेणू... बरी हाय ना आता?"

"बरी हाय. कामावर जाते."

"मंग ठीक," तो म्हणाला, आणि तिने न सांगताच त्याने पाय पुन्हा उचलला.