नांगीचे तिसरे बोट

“दादाच्या कपाशीवरचं जहर नाल्यात उतरलं, म्हनून खेकड्याले तिसरं बोट फुटलं.” माझ्या धाकट्या चुलतभावाने ग्रामसभेत उभे राहून केलेले हे विधान आज गावात इतिहास म्हणून सांगितले जाते. ते खोटे आहे, आणि तसे लिहून ठेवणे मला भाग आहे.

खेकड्याच्या नांगीला दोन बोटे असतात. त्या श्रावणात नाल्यात सापडलेल्या पाच खेकड्यांच्या नांगीला तिसरे होते, फांदीला बेचका असावा तसे. त्यांचा फोटो मोबाइलवरून आर्णीपर्यंत जाऊन परत आला, तोवर बोटे सात झाली होती. मग शिक्षा म्हणून नाल्यावरचा माझा पाण्याचा पंप उठवावा, असा ठराव आला. फवारणी मी करतो, हे मी नाकारले नाही. पण ठरावासाठी वर गेलेल्या हातांनाही सकाळच्याच फवारणीचा वास होता. पंप गेला असता तर माझी तूर फुलोऱ्यातच वाळली असती. सरपंचांनी उदार होऊन दिवाळीपर्यंत मुदत दिली आणि ते पाच खेकडे पुरावा म्हणून पंचायतीच्या हौदात सोडले.

मी फिर्यादीचेच काम पाहायला गेलो. चुलतभाऊ खेकडे धरण्यात पटाईत. शिवाय दयाळू म्हणून प्रसिद्ध, कारण पोटाशी पिले असलेली मादी तो कधी घरी नेत नाही. नर मात्र सगळे टोपलीत जातात. मी काठावर बसलो. त्याने कपारीतून खेकडा ओढला, नांगीचे बोट कडकन मोडले आणि मग त्याला उताणा केला. पोटाच्या झाकणाखाली पिले वळवळत होती.

“जाय माय, लेकुरवाळी हायस तू,” म्हणत त्याने तिला हळुवारपणे पाण्याकडे नेले.

“पहिले नांगी काहून मोडली?” मी विचारले.

“मंग उलटवू कसा, दादा? माह्यं बोट तोडून घेऊ? अन् तिले फुटते ना पुन्हा.”

“कशी फुटते, पाह्यलं कधी?”

“सोडून देल्ल्यावर कायले पाहावं?”

दया होतीच, ती फक्त मोडतोड आटोपल्यावर येत असे. ती मादी मी मागून घेतली आणि घरच्या टाक्यात ठेवली. काही आठवड्यांनी तिने कात टाकली, तेव्हा मोडल्या जागी नवे बोट आले होते, दुभंगलेले.

दिवाळीआधीच्या सभेत मी आवाज चढवला म्हणून ठराव बारगळला, असे आता सांगतात. आवाज मी चढवला होता. पण जहर नर-मादी पाहून चढत नाही, एवढे सभेलाही कळत होते. आणि महिनोन्महिने हौदात जपलेला पुरावा तोवर एकानेही उलटून पाहिला नव्हता. मी तो सर्वांसमक्ष उलटला. पाचही माद्या होत्या.