पाटणकर बाजारातली संताची तिरडी

स्पेनमधल्या कुठल्याशा कॅथेड्रलचा तो लाकडी संत संस्थानी अमदानीत ग्वाल्हेरला आला आणि संस्थान विलीन झाल्यावर संग्रहालयाचा डागडुजीवाला म्हणून माझ्या गळ्यात पडला. त्याच्या चेहऱ्यावरचा मध्ययुगातला रंग पापुद्र्यापापुद्र्याने सुटत होता. स्पेनला मी फक्त पुस्तकांतून गेलेलो, पण ऐट तिथल्या कारागिराची! कंपू भागातल्या कोठीतून गावाच्या दुसऱ्या टोकाला, हजीऱ्याकडच्या संग्रहालयात नेताना रंग सांडू नये, म्हणून मी त्याच्या चेहऱ्यावर पातळ कागद चिकटवला. तिकडे त्यासाठी सशाच्या कातड्याचा सरस वापरतात. मी साबुदाण्याची खळ वापरली. पोचल्यावर कागद ओला करून हलक्या हाताने सोडवायचा होता.

गाडी मिळेना. ग्वाल्हेरची राजधानी भोपाळला चाललेली, सगळ्या गाड्या तिच्या फायली वाहत होत्या. मग एका काकांना बोलावलं. आमच्या मराठी मंडळींत कुणी गेलं की बांबू बांधायला तेच. त्यांनी संताला पांढऱ्या चादरीत गुंडाळून दोन बांबूंवर आवळलं.

"वा काका, जरासुद्धा हलत नाही हो!"

"आजवर कुणी हललेलं नाही," काका म्हणाले.

चौघांनी खांदा दिला, मी पुढे. पाटणकर बाजारात राजधानी जाऊ नये म्हणून निघालेला मोर्चा भडकलेला, दुकानांच्या काचा फुटत होत्या. मोर्चेवाल्यांना सरकारची प्रेतयात्रा काढायचीच होती. त्यांना आयती तिरडी मिळाली.

"आ गई, आ गई! सरकार की अर्थी आ गई!"

खांदेकरी पळाले. पहिली काठी संताच्या पोटावर पडली, दुसरी माझ्या कानशिलावर. मग जोडे, मग विटा. मी त्याच्यावर आडवा पडलो. काहीतरी कडकन मोडलं. मला वाटलं त्याचा हात. श्वास घेतल्यावर कळलं, माझी बरगडी. कुणीतरी आम्हा दोघांवर रॉकेल ओतलं.

"अरे भाई, सरकार नहीं, संत है!"

"तो मुँह दिखा!"

समोर काडी पेटली. मी चादर फाडली आणि कोरडा कागद एका हिसक्यात ओढला. खळीने आपलं काम चोख केलं होतं: डावा गाल, अर्धे ओठ, सगळं कागदाबरोबर आलं. खाली उघडं लाकूड.

काडीवाल्याने काडी फुंकली. हात जोडले. मग माझ्याकडे पाहून ओरडला, "देखो, महात्मा की चमड़ी उधेड़ दी इसने!"

त्यानंतर जो मार बसला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. संताला मात्र त्यांनीच अलगद उचलून एका ओट्यावर ठेवलं.

कंपूच्या दवाखान्यात माझी मूठ कुणाला उघडेना. आत तो कागद.

"सोड रे बाळ," उशाशी बसलेले काका सवयीने म्हणाले, "गेलं ते गेलं."

"गेलं नाही हो काका," मी सुजल्या तोंडाने म्हटलं, "परत बसवायचंय."